दारातली तपासणी

एका खाडीकाठच्या गावात एक सरकारी धान्यकोठार होतं. पावसाळ्यात गलबतं बंद पडत, तेव्हा सारं गाव त्यावरच जगे. म्हणून उन्हाळा सरताना हिशेबतपासनीस येत, कणग्या तपासत आणि दारावर शिक्का मारत. शिक्का दिसला की लोक निर्धास्त झोपत.

त्या वर्षी मुख्य तपासनीस आबाजीपंतांच्या हाताखाली दोन नवे उमेदवार होते, रंगनाथ आणि त्रिंबक. दोघांतला एकच नोकरीत कायम होणार होता. रंगनाथ चटपटीत होता. त्रिंबक संथ होता, आणि आपल्याला घरी धाडतील या भीतीने त्याला घास गोड लागत नसे.

कोठाराची एक जुनी रीत होती. तपासनिसाने दारात उभं राहून कणगी पुकारायची. आतल्या काळोखातून उत्तर येई, "भरलेली आहे." ते ऐकलं की तशी नोंद करायची.

रंगनाथाने कणग्यांची डावी ओळ दारातूनच, जेवणापूर्वी उरकली. पंतांनी त्याची पाठ थोपटली आणि ते त्रिंबकाला म्हणाले, "शिका जरा!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्रिंबक उजव्या ओळीसाठी आला. कोठावळा भिवशेट दाराशी सुपारी कातरत होता.

"आत कोण बोलतं, शेट?"

"कोण असणार? कोठारच बोलतं. ऐका, लिहा, नि जेवायला जा. पंतसुद्धा असेच मोठे झाले."

त्रिंबकाने पुकारलं. उत्तर आलं. त्याने लेखणी टेकवली, पण हात चालेना. न पाहिलेलं 'पाहिलं' म्हणून कसं लिहायचं? त्याने जोडे काढले आणि तो आत शिरला.

आत गारवा होता. कुठे खुडबुड नाही, लेंडी नाही. धान्याच्या कोठारात एकही उंदीर नाही, हे जाणवलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. त्याने कणगीत हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला. बोटांना काहीच लागलं नाही.

"भरलेली आहे," कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं. "लिही. लवकर मोठा होशील."

आवाज आबाजीपंतांचा होता. पण कोवळा, नुकतं मिसरूड फुटलेल्या वयातला.

त्रिंबक बाहेर आला. त्याने 'रिकामी' असं लिहिलं आणि पंतांना सांगितलं. पंत भडकले. "पहिल्याच वर्षी गावात घबराट? तुला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय, पंत. पण मी हात घालून पाहिलंय. तुम्हीही पाहा."

पंत दोघांना घेऊन कोठाराशी आले. त्यांनी डाव्या ओळीतली कणगी पुकारली. रंगनाथ त्यांच्या शेजारीच, ओठ मिटून उभा होता. आतून उत्तर आलं, "भरलेली आहे." ते रंगनाथाच्याच आवाजात होतं. मग पंतांनी उजवीकडची पुकारली. स्वतःचा तरुण आवाज ऐकला आणि ते उंबऱ्यावरच बसले.

कणग्यांतलं धान्य कुठे गेलं याचा जाब विचारायला भिवशेटला चावडीवर नेलं. गलबतं चालू होती तोवर धान्य आणवलं, म्हणून गाव वाचलं. पंतांनी कोठाराच्या दाराशी आपला शिक्का त्रिंबकाच्या हातात ठेवला. 'शाबास' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द मात्र कोठाराच्या काळोखातून आला.

तात्पर्य: लवकर नाव काढायचं असलं, तरी ज्याची ग्वाही द्यायची ते आधी स्वतः पाहावं; न पाहता दिलेली ग्वाही माणसाला मोठं करते, पण पुढे त्याला सोडत नाही.