कावळ्याआधीची जाहिरात

"सांगा ना महाराज, आबांचं काय राहिलं होतं? कशात जीव अडकलाय त्यांचा?"

भवानगिरी महाराज मठाच्या ओट्यावर चुलीपुढे बसून चहाचं आधण ठेवत होते. त्यांनी वर पाहिलं. समोर उमाकांत. अंगावर ओला पंचा, डोक्याचा ताजा गोटा, आणि दोन्ही हातांत पत्रावळीवर भाताचा पिंड.

"ठेव तो खाली," महाराज म्हणाले. "आणि बस."

"बसू कसा? घाटावर सगळे खोळंबलेत. ऊन डोक्यावर आलं, एक कावळा फिरकला नाही. पिंडापुढे हात जोडून मी काय काय कबूल केलं... आईला सांभाळीन, गावची विहीर उपसून घेईन, धाकट्या रमाकांतशी भांडणार नाही. काही उपयोग नाही."

"मग पिंड इकडे का आणलास?"

"तिथला तमाशा बघवेना म्हणून."

आज वामनरावांचा, म्हणजे उमाकांतच्या आबांचा, दहावा.

आता हा उमाकांत महाराजांचा जुना शिष्य. कित्येक वर्षं रोज पहाटे मठात ध्यानाला बसायचा. पाठ ताठ, डोळे मिटलेले, मुंगी चावली तरी हलायचा नाही. आपण राग जिंकला असं तो चारचौघांत सांगायचा, आणि त्यावर कुणी हसलं की त्याला राग यायचा.

वामनराव संध्याकाळी यायचे. ते ध्यानाबिनाला नाही, चहाला. गुडघे धरत, पायरीपायरीला "आई गं" म्हणत चढायचे आणि ओट्यावर टेकले की दिवसभरात पाहिलेली एखादी गंमत सांगायला लागायचे. नव्या पुलाच्या उद्घाटनासाठी रस्ता बंद ठेवला, त्यामुळे उद्घाटन करणारे पाहुणेच कसे अडकून पडले, असलं काहीतरी. सांगून झालं की कप खाली ठेवून म्हणायचे, "मजा आहे बुवा. ही माणसं आहेत म्हणून बरं आहे."

उमाकांतला या गप्पांची लाज वाटायची. "आबा, महाराजांचा वेळ घेत जाऊ नका," असं त्यानं एकदोनदा बजावलंही होतं.

महाराजांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"तमाशा कसला?"

उमाकांत बसला. पिंड त्यानं समोर ठेवला आणि मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"घाटावर पाटी लावलीय महाराज! 'पक्ष्यांना खाद्य टाकू नये. दंड होईल.' आणि बरोब्बर तिच्याखाली आम्ही बसलोय, कावळ्यानं यावं म्हणून हात जोडून."

महाराजांचे ओठ हलले.

"गुरुजींच्या कानात यंत्र. आमचे मंत्र चालू असताना मधेच म्हणाले, 'पाण्याचा हात डोळ्यांना लावा.' मी लावला. तर म्हणतात, 'तुम्ही नव्हे हो, फोनवरचे यजमान.' एकाच तोंडानं दोघांचे बाप पोचवतायत!"

"त्या दुसऱ्याला गुरुजी मिळाले नसतील."

"आणि रमाकांत! तो परदेशातून फोनवर. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता, तो घसरून उताणा पडला. कुणाचं लक्षच नाही. आतून याचं चाललंय, 'दादा, मला नुसतं आकाश दिसतंय. एकही कावळा नाही रे, दादा... मी बघतोय हं, तू काळजी करू नको.'"

"त्याच्याकडे आत्ता रात्र ना?"

"मध्यरात्र उलटून गेली असेल."

महाराजांनी घाटाच्या दिशेनं हात जोडले.

"नमस्कार कुणाला?" उमाकांतनं चिडून विचारलं.

"आकाश बघत बसलाय त्याला. पुढं?"

"पुढं आमचा शेजारी, वसंता. नको तिथं पुढं पुढं करण्यात पहिला नंबर. म्हणाला, कावळ्यांना कावळ्याचा आवाज ऐकवायचा. दुकान बंद ठेवून आला होता, तसाच घरी पळाला, भलामोठा स्पीकर उचलून आणला. सगळी मंडळी श्वास रोखून उभी. आई डोळे मिटून बसलेली. यानं मोबाईलवर कावळ्याची काव काव शोधली, बटण दाबलं, आणि..."

उमाकांत थांबला.

"आणि?"

"कावळ्याआधी जाहिरात लागली."

"कसली?"

"'गुडघेदुखीनं हैराण आहात का?'"

महाराजांनी चहाचा डबा खाली ठेवला. मग ते हसले. असे हसले, की ओट्यावरचं मांजर उठून गेलं. पोट धरून, डोळे पुसत, खोकला येईपर्यंत.

उमाकांत ताडकन उभा राहिला. "हसताय काय? माझे वडील गेलेत, महाराज!"

"माझा मित्र गेला रे," महाराज म्हणाले. त्यांचे डोळे ओलेच होते.

आधण उकळत होतं.

"गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा काढला," उमाकांत हळू आवाजात म्हणाला. "तयारच होता पिशवीत. म्हणाले, यानं शिवलेलं चालतं, पुढं अजून एक काम आहे. माझं डोकंच फिरलं. वसंताला नको ते बोललो, गुरुजींना बोललो, पिंड उचलला आणि इकडे आलो. आबांच्या आयुष्याचा शेवट हा असा... सगळा पोरखेळ."

"घरी सांगायचा का रे वामन तुला काही? या असल्या गमती?"

उमाकांतनं मान खाली घातली.

"सुरुवात करायचे. संध्याकाळी मी आलो की लगेच. मी म्हणायचो, आबा, नंतर. डोकं शांत ठेवायचंय मला."

"म्हणजे अर्धी राहायची."

"हो."

"राहिलेली तो इथं घेऊन यायचा."

...

महाराजांनी सवयीनं दोन कप मांडले. चहा गाळला. वामनराव टेकायचे त्या खांबाकडे बोट करून ते म्हणाले,

"बस तिथं. आज तो असता, तर ही हकीकत त्यानंच सांगितली असती. सांग बरं... जाहिरात लागली, 'गुडघेदुखीनं हैराण आहात का?' मग? वामनराव काय म्हणाले?"

"महाराज, हे काय..."

"काय म्हणाले?"

उमाकांत खांबाला टेकला. समोर पिंड होता. खाली घाट दिसत होता. वसंता भर उन्हात स्पीकर डोक्यावर धरून अजून उभा होता आणि गोल फिरत चारी दिशांना काव काव ऐकवत होता. एवढं बोलून घेऊनही तो गेला नव्हता. गुरुजींनी कानातलं यंत्र काढून आईच्या डोक्यावर छत्री धरली होती. तांब्याजवळ फोन तसाच उताणा पडला होता. त्यातून रमाकांत अजूनही आकाश बघत असणार...

या सगळ्या येड्यांबद्दल उमाकांतला एकाएकी भरून आलं. आपल्या बापासाठी ही माणसं सकाळपासून उन्हात उभी आहेत, आणि आपण त्यांच्या चुका मोजत बसलो.

नकळत त्याचा हात गुडघ्यावर गेला. तो चोळत, आबांसारखा हेल काढत, तो म्हणाला,

"'नाही बुवा. आता एकदम आराम आहे.'"

क्षणभर त्याला स्वतःलाच काय बोललो ते कळलं नाही. मग आतून कुठूनतरी हसू आलं. त्यानं ते दाबून पाहिलं, पण ते दाबलं जाईना. ताठ पाठीचा उमाकांत खांबाला धरून गदगदा हसत राहिला, आणि हसता हसता रडायला लागला. आबा गेल्यापासून तो रडला नव्हता. हसलेला तर आबांनीही शेवटचा कधी पाहिला होता, देव जाणे.

"ही माणसं..." तो डोळे पुसत म्हणाला, "ही माणसं आहेत म्हणून..."



महाराज उठले. दुसरा कप त्यांनी उमाकांतच्या हातात दिला. मग वाकून पिंडाला हात जोडले आणि पत्रावळ उचलून त्याच्यापुढे धरली.

"शिवला... जा, खाली सांग सगळ्यांना, पानं वाढायला घ्या."