दोनदा हलवलेला पंचा

एक होते गुरुजी. वय पंच्याहत्तरीला टेकलेले, गुडघे कुरकुरणारे, पण डोंगराचे नाव काढले की स्वारी ताठ बसायची. एकदा त्यांनी हेरंब नावाच्या आपल्या शिष्याला निरोप धाडला : "रविवारी माथ्यावरच्या वाडीला जाऊ. सकाळची पहिली एसटी. आणि हे बघ, डबा आणू नकोस."

आता हेरंब काही शाळकरी नव्हता. चाळिशीचा गृहस्थ, डोंगरवाटांचा दर्दी. दर महिन्याला पंधरा जणांचा कंपू घेऊन तो याच डोंगरावर यायचा. साऱ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या, पाठीवर आपापले डबे. चारची परतीची गाडी त्याने आजवर एकदाही चुकवली नव्हती. अशा माणसाला 'डबा आणू नकोस' म्हणजे काय? म्हातारपणाचा विक्षिप्तपणा, दुसरे काय! असे समजून त्याने चार थालीपिठे गुपचूप पिशवीच्या तळाशी ठेवली. आपण शहाणी माणसे अशीच असतो. आज्ञा पाळतो, पण पिशवीत सोय करून.

एसटीने दोघांना पायथ्याच्या फाट्यावर सोडले आणि धूळ उडवत ती पुढे गेली. गुरुजींनी खांद्यावरचा पंचा काढला, डोंगराकडे तोंड केले आणि तो डोक्यावर धरून दोनदा हलवला. वर माणूस दिसत नव्हता. नुसता कातळ, कारवी आणि अगदी टोकाला एक छप्पर.

"कुणाला हो, गुरुजी?"

"चल तर. कळेल."

चढताना गुरुजी प्रत्येक वळणावर थांबत आणि मान वर करून त्या छपराकडे पाहत. दम लागला असेल, असे हेरंबला वाटले. एकदा ते पुटपुटले, "अजून धूर नाही." मग काठीवर भार देत म्हणाले, "हेरंबा, हा माझा शेवटचा चढ रे. गुडघे आता ऐकत नाहीत. त्या छपराखाली ठकू राहते, तिच्या हातची एक भाकरी खाल्ली की मी मोकळा."

अडीच तासांच्या वाटेला चार तास लागले. पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. वाडीतले ते पहिलेच घर ठकूबाईचे. तीस वर्षांपूर्वी गुरुजी या वाडीवर मास्तर होते, तिची तिन्ही मुले त्यांच्याच हाताखाली शिकली. म्हातारी लगबगीने बाहेर आली, पाया पडली आणि एकदम ओशाळली. आतली चूल थंड होती.

"गुर्जी, म्या पंचा बघितला हो. पर म्हटलं, कुनी घाम पुसत आसंल."

"म्हणजे आता चूल पेटवत नाहीस?"

तेव्हा हेरंबला वाडीची रीत कळली. या अंगणातून खालचा फाटा दिसतो. गाडीतून उतरून जो डोंगराकडे वळेल, त्याच्यासाठी या घराने भाकरी टाकायची. ओळखीचा माणूस पंचा हलवतो, जितकी माणसे तितक्या वेळा. अनोळखी असला तर घरातली बाई डोकी मोजते. पाहुणा चढून येईतो भाकरी तव्यावर असायची. किती पिढ्या हे चालले, कुणालाच ठाऊक नाही.

"लाल टोप्यावाली यायची बगा," ठकूबाई सांगू लागली, "पंधरा-पंधरा जनं. तेवढ्यांचं पीठ मळायची मी. ती आपली दारावरनं 'राम राम मावशी' करून फुडं जायची. चांगली मान्सं, कचरासुदिक करत नव्हती. पर जेवाया येक थांबला न्हाई. समद्या भाकरी म्हशीला गेल्या. दोन वर्सं केलं. मग सून म्हनली, आत्याबाई, आता पुरं."

हेरंबचा हात आपसूक डोक्याकडे गेला. आज टोपी नव्हती. 'तो मीच' हे शब्द ओठांशी आले आणि तिथेच राहिले. लाजेने त्याची मान खाली गेली.

"बसा, आता टाकते," म्हणत ठकूबाईने पिठाचा डबा ओढला. गुरुजी 'टाक' म्हणणार, तेवढ्यात हेरंबने घड्याळ पाहिले आणि तो घाईघाईने बोलून गेला, "नको मावशी, तुम्हाला कशाला त्रास? आमच्याजवळ आहे खायला." आणि त्याने थालीपिठे बाहेर काढली.

ठकूबाई क्षणभर त्या पुडक्याकडे पाहत राहिली. मग तिने डब्याचे झाकण लावले. "बरं केलंत, आनलंत ते," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

गुरुजींनी थालीपिठाला हात लावला नाही. नुसते पाणी प्यायले आणि उठले.

चारची गाडी मिळाली. गाडीत हेरंबने विचारले, "गुरुजी, रागावलात?"

"रागावू कुणावर? तुझी गाडी चुकेल म्हणून मीही गप्प बसलोच की." गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. "आपल्याला वाटते, कुणाला त्रास दिला नाही, की आपण सज्जन. तुझ्या पंधरा जणांनी त्या माउलीला काडीचा त्रास दिला नाही रे. फक्त तिचे वाढणे नाकारले. कुणाचे काही घ्यायचे नाही, यातही अहंकार असतो. देणाऱ्याला वाटते, आपल्या घरात घेण्याजोगे काही उरले नाही." मग ते म्हणाले, "मला ती भाकरी खायची होती. राहिली."

पुढच्या महिन्यात हेरंब एकटाच त्या फाट्यावर उतरला. गुरुजी आता काठी घेऊन घरच्या अंगणापर्यंतच जात. हेरंबने पंचा काढला आणि दोनदा हलवला. चढताना प्रत्येक वळणावर वर पाहिले. धूर नव्हता.

तो ठकूबाईच्या पायरीवर जाऊन बसला. "मावशी, ते लाल टोप्यावाले आम्हीच. चुकलो. आज डबा आणला नाही. भूक लागलीय. गाडी गेली तरी जाऊ दे."

म्हातारीने त्याला नीट निरखले. "दोनदा हलवलात न्हवं? दुसरं कुठायत?"

"त्यांना आता चढवणार नाही."

ती उठून आत गेली. चूल पेटवली आणि पीठ दोघांचे घेतले.

दुसऱ्या दिवशी हेरंबने फडक्यात बांधलेली भाकरी गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी ती कष्टाने मोडली, एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

"तिचीच आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी बसलो असतो, तर गरम मिळाली असती."