पोर निजलंय

घाटात मोटारीचा रस्ता नव्हता आणि बडी माणसं दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून घाट चढायची, त्या काळातली ही गोष्ट. उंबरकोंडी गावात सुभाना भोई नावाचा एक घरजावई होता. आधी तो डोली वाहायचा. डोलीवाल्यांची रीतच अशी, की पाय आपटत चालायचं आणि 'हुं हुं' करत मागच्या गड्याला दगडधोंड्याची खबर द्यायची. पुढे डोली सुटली, सुभाना सासुरवाडीला मासेमारांत येऊन राहिला, पण हुंकार काही सुटला नाही. घागर घेऊन पाण्याला निघाला तरी 'हुं हुं'. बायका पदराआड हसायच्या. गडी मनाने मात्र सोन्यासारखा होता, असं म्हणतात.

त्याची बायको सगुणा बाळंत झाली आणि तिला दूधच येईना. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. आता उंबरकोंडीची चाल अशी, की बाळंतिणीचं पहिलं कालवण खडस माशाचं करायचं, आणि तो मासा पोराच्या बापानेच गळ टाकून धरायचा. दुसऱ्याने धरलेल्या माशाने पान्हा फुटत नाही म्हणे. खडस म्हणजे नदीचा राजा. गावाखालच्या डोहात राहायचा आणि भल्याभल्यांना हुलकावण्या द्यायचा. आणि आमच्या सुभानाने तर जन्मात गळ हातात धरला नव्हता.

मग काय, सल्ले देणाऱ्यांना ऊत आला.

"पाव्हणं, गांडूळ लावा," मेहुणा म्हणाला.

"गांडूळ नगं, कणकंची गोळी लावा," सासरा म्हणाला.

कुणी म्हणे धारेला बसा, कुणी म्हणे डोहाला बसा. बिचाऱ्याचं डोकं भणाणून गेलं. कुणाचंच मन मोडू नये म्हणून त्याने गांडूळ कणकेत लडबडवलं आणि धार जिथे डोहात उतरते तिथे एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून उभा राहिला. मासा दिसला की लगबगीने 'हुं हुं' करत तिकडे धावे, की पाणी रिकामं. मासे का पळतात, ते त्याला कळेना. घरी आला की पोराचं रडणं ऐकवत नसे.

एके दुपारी सगुणाला ताप भरला. लाडूबाई सुईणीने पोर फडक्यात गुंडाळून सुभानाच्या छातीशी बांधलं.

"नदीकाठी सावलीला बसा जावा. आत्ता कुठं निजलंय. जागं झालं तर रडायची बी ताकद न्हाई त्याच्यात."

सुभाना पार घाबरला. जन्मात पहिल्यांदा त्याने हुंकार गिळला आणि पाय न वाजवता चालला. पोराच्या तोंडावर ऊन नको म्हणून डोहावरच्या उंबराच्या गर्द सावलीत टेकला. गळ हाताशी होता, पण गांडुळांचं गाडगं लांब राहिलं, आणि वाकावं तर पोर हलतंय. वरून पिकली उंबरं टपटप पाण्यात पडत होती. मांडीशी पडलेलं एक त्याने गळाला टोचलं आणि हळूच सोडून दिलं.

तेव्हा वरची धारसुद्धा खळखळायची थांबली, असं म्हणतात. डोहाच्या तळातून काळी सावली वर आली आणि तिने ते उंबर अलगद गिळलं. आता हिसका द्यावा तर पोर जागं होणार. पण डोलीवाल्याचा खांदा तो! कुठे रेटायचं आणि कुठे सैल सोडायचं, ते त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मासा लांब गेला की सुभाना पुढे झुके, दमला की मागे. या झोक्याने पोर आणखीनच गाढ झोपलं, आणि शेवटी मासा थकून काठाला लागला. मासा पुरुषभर लांब होता. काहीजण घोड्याएवढा सांगतात, ते काही मला विचारू नका. चौघांनी तो वाशाला टांगून डोलीसारखा गावात आणला. सगुणा कालवण प्याली आणि तिला पान्हा फुटला. सुभाना दाराआड जाऊन ढसाढसा रडला.

सगळा गाव विचारायला जमला. करामत उंबराची? सावलीची? की गळाचा दोर सैल सोडण्याची?

सुभाना भांबावून म्हणाला, "म्या काय बी केलं न्हाई. पोर निजलं व्हतं."

मरेपर्यंत त्याने दुसरं उत्तर दिलं नाही. नंतर एकटा डोहावर गेला, तो पुन्हा 'हुं हुं' करतच गेला, आणि त्याच्या गळाला दुसरा मासा कधी लागला नाही.

उंबरकोंडीत तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून लोक सगळंच करतात. पहिला गळ उंबराचा, बैठक सावलीत, वहाणा दूर काढलेल्या. नवा बाप आपलं लेकरू छातीशी बांधून डोहावर जातो आणि त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलत नाही. सुभानाचं ते पोर मोठं झालं, म्हातारं झालं, त्याला मातीत मिळूनही पिढ्या लोटल्या. पण परका माणूस डोहावर मोठ्याने बोलला, की आजही कुणीतरी ओठांवर बोट ठेवतं.

"हळू. पोर निजलंय."