बापाच्या गाठी

होकायंत्र कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्या फार फार जुन्या काळची गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात गलबत चालवणारा एक म्हातारा तांडेल होता. ताडासारखा उंच, हात पार गुडघ्यांपर्यंत पोचणारे. पाण्याची खोली मोजायला त्याच्याकडे काथ्याची दोरी होती. टोकाला शिशाचा गोळा, आणि दर वावेला एक गाठ. दोन्ही हात फैलावले की जेवढं अंतर भरतं, ती एक वाव.

डोळे गेले तेव्हा त्याने गलबत लेकाच्या स्वाधीन केलं. बंदराच्या तोंडाशी खडक होते, म्हणून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. तिथे पाच वाव पाणी असेल तरच आत शिरायचं. कमी असेल तर नांगर टाकून भरतीची वाट बघायची.

लेक कामाचा होता, पण आईच्या वळणावर गेलेला, ठेंगणा. गलबतावर त्याचा मेहुणाही असे, बायकोचा पाठचा भाऊ. जिभेचा फटकळ, मनाचा निर्मळ. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "दाजी, गलबत तुमचं झालं खरं, पण गाठी अजून तुमच्या बाबांच्याच."

खलाशी हसले. लेकही हसला, पण पुढचा घास काही त्याला गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्याने बापाच्या गाठी सोडल्या आणि स्वतःचे हात फैलावून नव्या मारल्या. दोरी तीच, गोळा तोच. वाव ती वाव, असं त्याला वाटलं.

परतताना बंदराजवळ दाट धुकं पडलं. हाताशी उभा माणूस दिसेना. मेहुण्याने पुढच्या टोकाला उभं राहून गोळा सोडला, दोरी चाचपून गाठी मोजल्या. पाच भरल्या. लेकाने गलबत आत घातलं.

खडकाने तळ फाडला. बाकीचे कसेबसे पोहून काठाला लागले. मेहुणा तेवढा वर आला नाही.

लेक ओल्या अंगाने बापापुढे जाऊन उभा राहिला. "पाच होत्या, बाबा. पुऱ्या पाच."

गाठी कुणी मारल्या, असं म्हाताऱ्याने विचारलं. मी, असं लेक म्हणाला. तेव्हा म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात धरून फैलावले आणि या बोटांपासून त्या बोटांपर्यंत हळूहळू चाचपले.

"तुझ्या पाच म्हणजे माझ्या चार रे, बाळा."

दारात लेकाची बायको उभी होती. सगळे आले, माझा भाऊ कुठे, असं ती विचारत होती.

म्हणून सांगते, लेकरांनो: शिकवण एकाच्या मापाची आणि माप दुसऱ्याचं, असं झालं की बरोबर मोजूनही माणूस बुडतो.