तोंडभर पाणी

“...पण चूक होईलच कशी, सर?” शार्दूलने विचारलं.

वसगडेकर सर त्याने आणलेलं टिपण चाळत होते.

“नवी भाषा केली तीच त्यासाठी. जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषांत माणूस चुकतो, कारण त्यांत नको ती कटकट आहे. माझ्या भाषेत कटकटच नाही. आठ महिने मी रोज तीत लिहितोय. एकदाही अडलो नाही.”

“तू,” सर म्हणाले.

“हो, मीच.”

“सोमवारी काय आहे म्हणालास?”

“मिरजेतल्या एका दवाखान्यात आमचे सलाइनचे पंप लागणार. ते चालवणारा सगळा प्रोग्राम माझ्या भाषेत आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

मी सरांच्या मागे उभी राहून ऐकत होते. मागच्या वर्षी अम्मीच्या हाताला असाच पंप होता.

सरांकडे नवी भाषा तपासून घ्यायला येणारे पुष्कळ. सगळ्यांची भाषा जगात भारी असते, आणि सगळे फार बोलतात. म्हणून सरांनी घरात एक रिवाज ठेवला आहे. भाषा करणाऱ्याने तोंडात पाणी धरून बसायचं, हात मांडीखाली. दुसऱ्याने त्या भाषेत लिहायचं. गुळणी सुटली की परीक्षा संपली.

शार्दूल हसला. “एवढंच?”

त्याने तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले. हात मांडीखाली घेतले.

“नफिसा, बस,” सर मला म्हणाले. “ताशी पाच मिलिलिटर. पंप चालू कर.”

टेबलावर शार्दूलचाच पंप होता. वर साध्या पाण्याची पिशवी लटकवलेली, नळीच्या तोंडाशी स्टीलची वाटी. मी कॉलेजात वीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवते, पण ही भाषा मला नवी होती.

त्याने दिलेलं पानभर टिपण वाचलं. भाषा खरंच देखणी होती. मी लिहिलं : वेग ५.

भाषेने काही विचारलं नाही. काही खटकलंही नाही तिला. पंप सुरू झाला.

मिनिटाला एखाददुसरा थेंब पडायला हवा होता. वाटीत थेंबामागे थेंब टपटपू लागले.

मी शार्दूलकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं होतं. मान जोरजोरात हलत होती, गाल मात्र तसेच फुगलेले.

काय चुकलं ते मला कळेना. पंपच बिघडला असेल म्हणून बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. टप टप टप...

“सर, बंद करू?”

“पाच लिहिलंस ना?”

“पाचच लिहिलंय.”

“मग भाषेला विचार.”

भाषा गप्पच. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘सर्व ठीक’ आलेलं. त्या हिरव्या अक्षरांचा मला संताप आला. भीतीही वाटली.

शार्दूलच्या कपाळावर घाम आला. डोळे वाटीवरून हलेनात.

वाटीचा तळ बुडाला...

“सर, इथे माणूस असता तर?” मी जवळजवळ ओरडलेच.

शार्दूलने घोट गिळला. ठसका लागला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

“मिनिटाला! ते मिनिटाला आहे, ताशी नाही! बंद करा!”

मी पंप बंद केला. खोलीत फक्त त्याचा खोकला राहिला.

“टिपणात हे कुठे आहे?” मी विचारलं.

“लिहायची काय गरज? मी नेहमी मिनिटाचाच हिशोब...”

तो मध्येच थांबला.

सरांनी वाटी उचलून त्याच्यासमोर ठेवली.

“एका ओळीचं काम आहे, सर. आत्ता बदलतो. सोमवारपर्यंत...”

सरांनी वाटी बोटाने आणखी त्याच्याजवळ सरकवली. शार्दूलने तिच्यातल्या पाण्याकडे पाहिलं.

मग त्याने फोन काढला. “सोमवारचं रद्द करा,” तो पलीकडच्या माणसाला म्हणाला. “...नाही, पंप चांगले आहेत. ...कधी ते नाही सांगता येणार.”

फोन ठेवला. रागावल्यासारखा वाटला मला, पण राग आमच्यावर नसावा.

“सर,” तो हळूच म्हणाला, “माझ्या भाषेत अजून काय काय चुकलंय?”

सरांनी तांब्या उचलला. फुलपात्र काठोकाठ भरलं आणि त्याच्या हातात दिलं.

“तोंड भर.”