लॅपटॉप येईपर्यंत

"पण मग जुना घ्यावा की नवा, माई?"

येसूमाईंनी मान वर केली नाही. मांडीवरच्या सुपात वाळक्या मुळ्या होत्या, त्या एकेक करून बाजूला सारत होत्या.

ऊर्मिलानं वहीचं पान उलटलं.

"नव्याला वर्षभराची हमी आहे. पण दुकानदार म्हणतो, महिनाभर थांबा, आणखी चांगला येतोय. महिन्यानं गेलं की पुन्हा तेच म्हणतो. जुना एका कॉलेजच्या मुलीचा आहे. दोनच वर्षं वापरलाय म्हणते, नुसते सिनेमे बघितले म्हणते. पण जुन्याची बॅटरी किती उरलीय ते बाहेरून कळत नाही, माई."

"आतून तरी कुठं कळतं, बाई," माई म्हणाल्या.

ऊर्मिलानं ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

खरं तर डॉक्टर ऊर्मिला खैरनार ही गोंधळणारी बाई नव्हे. आयुर्वेदाच्या परीक्षेत सुवर्णपदक मिळवलेलं, तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना, आणि समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून उत्तर देण्याची खोड. पण लॅपटॉपच्या बाबतीत तिची मती गुंग झाली होती. दुकानदाराला विचारून झालं, भावाला विचारून झालं, दवाखान्यात खोकला घेऊन आलेल्या एका इंजिनिअरलाही तिनं सोडलं नाही. प्रत्येकानं वेगळं सांगितलं. शेवटी ती टेकडीवरच्या मठात येऊन अशा बाईला विचारत होती, जिनं आयुष्यात कॅल्क्युलेटरलाही हात लावला नव्हता.

येसूमाई चाळीस वर्षं सुईण होत्या. आसपासच्या सात गावांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली. मग गुरूंकडून दीक्षा घेऊन त्या टेकडीवर राहायला आल्या, पण बाळंतिणीचं औषध द्यायचं त्यांनी सोडलं नाही. कोणती मुळी कुठल्या ओढ्याकाठी मिळते, कधी खणायची, कुणाला द्यायची आणि कुणाला अजिबात द्यायची नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर एक अक्षर नव्हतं.

ते कागदावर आणायचं काम ऊर्मिलानं मागच्या पावसाळ्यात अंगावर घेतलं होतं. स्वतःहून, चार माणसांसमोर, जरा मिरवतच.

"वहीत नको, माई," ती तेव्हा म्हणाली होती. "वहीला वाळवी लागते. लॅपटॉपवर करू, फोटोंसकट, व्यवस्थित. लॅपटॉप आला की पहिल्या दिवसापासून सुरू."

दिवाळी गेली. होळी गेली. पाडव्याच्या मुहूर्तावर घ्यायचा ठरला होता, तोही मुहूर्त हुकला.

"बाळ जन्माला आलं की कशात गुंडाळतात?" माईंनी विचारलं.

ऊर्मिलानं पटकन हात जोडून मान खाली घातली.

मठाचा रिवाजच होता तो. माईंनी काही विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही. हात जोडायचे, मान खाली घालायची आणि प्रश्न घरी न्यायचा. माईंच्या गुरूंच्या काळापासून चालत आलेलं. जिभेवरचं उत्तर उथळ असतं, पंधरा दिवसांनी पोटातून वर येतं ते खरं, असं ते म्हणायचे. सात गावांतल्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की माईंनी "कोण आहे?" म्हटलं तरी दारातला माणूस हात जोडून गप्प उभा राहायचा.

माईंनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाल्या, "जुनेरात. आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात."

"आणि माणूस गेलं की?"

ऊर्मिलाची मान खालीच होती.

"कोऱ्या कापडात."

आता मात्र ऊर्मिलाला राहवलं नाही. "म्हणजे जुनाच घेऊ ना, माई?"

"असं कधी म्हटलं मी?"

"मग नवा?"

"मला काय ठाऊक? मी सुईण."

ऊर्मिलानं हेही लिहिलं आणि शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढली.

तिची वही बघण्यासारखी होती. पुढून उघडली की लॅपटॉप होते, चौकटी आखून, एका बाजूला नवे, एका बाजूला वापरलेले, वजन, पडदा, बॅटरी, कीबोर्डवर मराठी अक्षरं आहेत की नाहीत. मागून उघडली की माईंचे प्रश्न. गेल्या चार महिन्यांतला एकेक प्रश्न तिनं तारखेनिशी लिहून ठेवला होता आणि शेजारी घरी जाऊन केलेलं चिंतन. 'आज वार कोणता?' याच्यापुढे तिनं काळाच्या स्वरूपावर पाऊण पान लिहिलं होतं. 'मी जेवले का?' याच्यापुढे लिहिलं होतं, 'जेवणारा कोण? देह की देहाला पाहणारा?' हा प्रश्न माईंनी एकाच दुपारी तीनदा विचारला होता, म्हणून तिनं त्याला तीन चांदण्या दिल्या होत्या.

अंगणात चपला वाजल्या. धोंडाबाई आली होती, पायथ्याच्या वस्तीवरची. उन्हातून चढून आल्यानं तिला धाप लागली होती.

"माई, लेक बाळंत झाली. आज पाचवा दिवस. दूधच उतरत नाही बघा. पोर रडून रडून निळं पडतंय."

माईंनी सूप पुढे ओढलं. त्यातून एक मुळी उचलली. खाली ठेवली. दुसरी उचलली. मग पहिली पुन्हा घेतली.

आता त्यांच्या दोन्ही हातांत एकेक मुळी होती. एक सुरकुतलेली, एक जराशी गुळगुळीत. रंग दोन्हींचा मातीचाच.

त्यांनी दोन्ही नाकाशी नेल्या. एक दाताखाली चावून पाहिली आणि बाजूला थुंकली.

मग त्यांनी दोन्ही हात ऊर्मिलापुढे धरले.

"यातली दुधाची कोणती?"

ऊर्मिलानं हात जोडले. मान खाली घातली. धोंडाबाईनंही हात जोडले.

"अगं, कोणती?"

ऊर्मिलाची मान आणखी खाली गेली. पण आत तिचं डोकं धावत होतं. एक सुरकुतलेली, एक गुळगुळीत. एक जुनी, एक नवी! माई आपल्याच प्रश्नाचं उत्तर देत होत्या, तेही काळजीत पडलेल्या एका बाईच्या समोर, काय ही लीला. पण उत्तर नेमकं काय होतं? उजव्या हातात सुरकुतलेली होती. उजवा हात देणारा. म्हणजे जुना? पण चावून पाहिली ती गुळगुळीत, आणि ती तर थुंकून टाकली. की चव फक्त नव्यालाच असते असं म्हणायचं होतं? तिला काही म्हणजे काही कळेना.

माईंचे हात तसेच पुढे होते.

शेवटी माईंनी दोन्ही मुळ्या सुपात टाकल्या.

"धोंडे, लेकीला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. आत्ता. उद्यावर टाकू नको."

धोंडाबाई बघतच राहिली. माईंनी आजवर कुणाला असं रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं.

"माई, काही चुकलं का माझं?"

"तुझं काही नाही चुकलं. जीप मिळेल खाली. पळ."

धोंडाबाई पाया पडली आणि आल्या पावली निघाली. उतारावर तिची पावलं ऐकू येत होती, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

ऊर्मिलानं पेन उघडलं. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांचा घोळ सुटल्यासारखं तिला वाटत होतं.

"माई, कळलं मला."

"काय कळलं?"

या प्रश्नालाही खरं तर हात जोडायचे होते. पण आज तिला धीर नव्हता.

"तुम्ही दोन्ही मुळ्या खाली ठेवल्या. म्हणजे जुनं आणि नवं हा भेदच सोडून द्यायचा. घेण्याची इच्छा हाच गुंता आहे. होय ना?"

माई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मला आठवलं नाही."

ऊर्मिलाचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"म्हणजे...?"

"एकीनं दूध येतं. दुसरीनं कळा येतात, रक्त वाहू लागतं, ती अडलेलीला द्यायची, तीही जपून. बाळंत झालेलीला कधी द्यायची नाही. कोणती कोणती, ते आठवलं नाही. वासानं कळायचं. आता वासानंही कळत नाही."

"पण माई, तुम्ही मला विचारलंत..."

"तुला ठाऊक असेल म्हणून विचारलं."

ही औषधं ऊर्मिलानं पाहिली होती ती बरणीत, चूर्ण करून, वर चिठ्ठी लावलेली. सुपातल्या मुळीवर चिठ्ठी नव्हती.

"मागच्या पावसाळ्यात मी तुला दाखवली होती," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "दोन्ही तुझ्या हातात दिल्या होत्या. ओढ्यावर नेलं होतं. झाड दाखवलं, पान दाखवलं. तेव्हा मला येत होतं."

ऊर्मिलाला तो दिवस आठवला. गुडघाभर चिखल होता, माई काठी टेकत पुढे चालल्या होत्या आणि न थांबता बोलत होत्या. आपण मान डोलवत होतो, हेही आठवलं. पिशवीत हीच वही होती. 'आत्ता नको, लॅपटॉप आल्यावर सगळं एकदमच नीट लिहू,' असं आपण स्वतःशी म्हणालो होतो, तेही आठवलं.

मुळी कोणती होती, ते मात्र आठवलं नाही.

तिनं वही मागच्या बाजूनं उघडली. 'आज वार कोणता?' 'मी जेवले का?' 'तुळशीला पाणी कुणी घातलं?' 'ही पायवाट कुठं जाते?' पानामागून पान. प्रत्येक प्रश्नाशेजारी तिच्या सुवाच्य अक्षरातलं चिंतन, आणि कुठं कुठं लाल शाईनं काढलेल्या चांदण्या.

चार महिने एक म्हातारी बाई साध्या गोष्टी विचारत होती आणि सात गावं तिच्यापुढे हात जोडून गप्प बसत होती. मी जेवले का, असं तिनं तीनदा विचारलं, त्या दुपारी ती खरंच जेवली होती का?

ऊर्मिलाला लाज वाटली. मग लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"माई, आधी का नाही सांगितलंत? विसरायला होतंय म्हणून?"

"सांगितलं होतं. मी म्हटलं, मी कुठं चालले आहे ते मलाच कळत नाही. तुम्ही सगळ्यांनी डोळे पुसले आणि नमस्कार केला."

ऊर्मिलाला तेही आठवलं. त्या वाक्याला तिनं पाच चांदण्या दिल्या होत्या.

"मी आजच घेऊन येते," ती घाईनं उठत म्हणाली. "जुना, नवा, समोर येईल तो. दुकान आठपर्यंत उघडं असतं. उद्या सकाळी सुरू करू, माई. नाहीतर तो जुनाच आणते, ती मुलगी तालुक्यालाच राहते, स्टँडमागे. पण त्याची बॅटरी..."

आणि ती मध्येच थांबली. आपण पुन्हा तेच करतोय, हे तिच्या लक्षात आलं. करायचं काय, हे मात्र आलं नाही. जावं की बसावं, हेही तिला कळेना. एक पाय तिनं पायरीवर ठेवला होता, तो तसाच राहिला.

माई अंगणाकडे पाहत होत्या.

"मघाशी कोण आलं होतं गं?"

ऊर्मिलाचे हात सवयीनं वर उचलले गेले. छातीपर्यंत आले. जोडले जाण्याआधी तिनं ते खाली घेतले.

"धोंडाबाई, माई. वस्तीवरची. तिची लेक बाळंत झाली, तिला दूध येत नाही."

माईंनी ऐकलं. सावकाश मान हलवली. कुणीतरी विचारल्याचं उत्तर दिलं, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

"मग मी काय दिलं तिला?"

"काही नाही दिलंत. दवाखान्यात पाठवलंत."

"बरं केलं."

ऊर्मिला परत येऊन त्यांच्यासमोर बसली. सुपातल्या दोन मुळ्या कुठल्या होत्या ते आता तिलाही ओळखू येत नव्हतं, त्या बाकीच्या मुळ्यांत मिसळून गेल्या होत्या. तिनं लॅपटॉपच्या चौकटींवर एक तिरपी रेघ ओढली आणि पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. तिनं वर तारीख घातली. मग तिला पुढचं काही सुचेना. मुळ्यांपासून सुरू करावं, की पानांपासून? बाळंतिणीपासून, की अडलेलीपासून? माईंना यातलं किती उरलंय, आणि उद्या किती उरेल?

"माई," तिनं विचारलं, "आठवतंय ते सांगता? तिथूनच सुरू करते."

माईंनी तिच्या हातातलं पेन थोपवलं.

"आठवतंय ते राहू दे," सुपाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "कुणाला चुकीची मुळी जाऊ नये. आधी विसरलेलं लिही."