शिंका न येणारी बैठक

धवळगडच्या अमृतराव महाराजांना नवी बैठक सजवून हवी होती, पण नव्या लाकडाच्या वासाने त्यांना शिंका येत. जुनं लाकूड घ्यावं, तर दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूला ते हात लावत नसत.

“लाकूड नवं नको आणि कुणाचं उष्टंही नको,” त्यांनी कोंडाजी सुताराला बजावलं. “आठ दिवसांत बैठक सजली नाही, तर तुझा रंधा, करवत, पटाशी, सगळं जप्त!”

बिचारा कोंडाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. हत्यारं गेल्यावर सुताराने काय दातांनी लाकूड तासायचं?

त्याची लेक गोजरा मात्र हसली. “आबा, उठा. प्रधानजींकडून अडगळीच्या कोठाराची किल्ली मागून आणा.”

गडाचा रिवाजच होता. महाराजांच्या मनातून उतरलेली वस्तू दुसऱ्या कुणी वापरायची नाही, ती थेट कोठारात जायची. आणि महाराजांच्या मनातून कधी काय उतरेल याचा नेम नसल्याने कोठार छतापर्यंत भरलं होतं.

आठव्या दिवशी सकाळीच महाराज बैठकीत आले. पालखीचा झोपाळा झाला होता. हत्तीच्या अंबारीत लोड-तक्के मांडून खिडकीपाशी बसायची सोय केली होती. महाराजांनी लांब श्वास घेतला. दरबारी मंडळींनी तोंडावर उपरणी धरली. शिंक काही आली नाही. महाराज खूश होऊन दुपारपर्यंत झोके घेत बसले, मग एकदम थांबले.

“पण हे उष्टं कुणाचं?”

“तुमचंच, महाराज,” गोजरा म्हणाली. “या पालखीत तुम्हाला मळमळायचं म्हणून टाकली होतीत. आज सकाळपासून झुलताय, मळमळलं का?”

“आणि ते दार? किती कुरकुरतं!”

“ते तुमचं जुनं सिंहासन. तुम्ही बसलात की ओरडायचं. आता कुणी आलं की ओरडतं. एक पहारेकरी वाचला.”

महाराज इरेला पेटले. “मी एकदा टाकलेलं परत घेत नाही. हत्यारं जप्त करा!”

कोंडाजीने रंधा छातीशी घट्ट धरला. गोजराने मात्र महाराजांशेजारी उभ्या असलेल्या प्रधानजींकडे पाहिलं.

“महाराज, प्रधानजींना तुम्ही शिमग्याला काढून टाकलंत आणि पाडव्याला परत घेतलंत. त्यांच्यावर तर आम्ही रंधाही फिरवला नव्हता.”

महाराज इतके हसले, की हसता हसता त्यांना शिंक आली. कोंडाजीची हत्यारं वाचली, वर मानाचं पागोटं मिळालं. गोजराच्या हातात महाराजांनी कोठाराची किल्ली ठेवली.

“यापुढे मी टाकलेलं सगळं हिच्या ताब्यात. हिने त्याचं हवं ते करावं.”

प्रधानजी घाईघाईने महाराजांच्या पाठीमागे सरकले. त्यांची नजर रंध्यावर होती.